बिऱ्हाडासाठी बऱ्हाणपूर

बृहन्महाराष्ट्रातील आपण मराठी माणसांनी गाव निवडून बिऱ्हाड थाटल्याचे फारसे ऐकिवात नाही. कोणाचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या फौजेमागून नर्मदा ओलांडून आले, कोणाचे दप्तरात कारकुनी करावयास, कोणाचे आगगाडीच्या नोकरीत, तर कोणाचे बँकेच्या बदलीच्या हुकमावर. जिथे चाकरी तिथे चूल, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. गाव आवडले की नाही, हे विचारण्याची पाळी आली ती सेवानिवृत्तीनंतर. आणि तोवर मुले त्याच गावची होऊन गेलेली असत.

हा शिरस्ता २०२० सालच्या टाळेबंदीने मोडला. कचेऱ्या बंद पडल्या, कामे मात्र घरोघरच्या मेजांवर चालू राहिली. आणि साथ ओसरल्यावरही काहींचे काम घरीच राहिले. आमचे चिरंजीव आणि सूनबाई दोघेही पुण्यातील कंपन्यांत आहेत. काम चालते ते इंदुरात, आमच्या घराच्या माडीवर. तीन महिन्यांतून एकदा पुण्याला हजेरी लावली की झाले. साहजिकच एके दिवशी जेवताना प्रश्न निघाला: काम जर कोठूनही होते, तर मुलांना शाळेच्या बसमध्ये रोज दोन तास बसविण्याचे कारण काय? सूनबाईंचे माहेर रावेर तालुक्यातले. तेथे त्यांचे वृद्ध आईवडील एकटेच असतात. इकडे आम्ही दोघे सत्तरीच्या उंबरठ्यावर. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना हाताशी धरता येईल, मुलांना अंगण मिळेल आणि काम अडणार नाही, असे गाव हवे होते. नकाशावर बोट फिरता फिरता तापीकाठी थांबले, ते बऱ्हाणपुरावर.

जळगाव का नको, असे कोणी विचारील. आम्हीही विचारले. उत्तर व्यवहाराचे आहे. नातवंडांचा जन्म मध्य प्रदेशातला, शिक्षण येथले. पुढे व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेशाच्या वेळी राज्याच्या रहिवासाचा दाखला लागतो, आणि राज्य बदलले की त्या दाखल्याचे गणित नव्याने मांडावे लागते. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच आहे, पण महाराष्ट्राची शीव तेथून जवळ. माहेर हाकेच्या अंतरावर आणि दाखला जागच्या जागी, असा दुहेरी लाभ फार थोड्या गावांना असतो.

गाव पाहावे तर वैशाखात, असे आमचे मत आहे. श्रावणात कोणतेही गाव गोजिरे दिसते आणि दिवाळीत तर उजाड माळही नटतो. म्हणून भर मे महिन्यात आम्ही आठ दिवसांसाठी निघालो. इंदूरहून रस्त्याने सुमारे १८० किलोमीटर. खंडवा मागे पडल्यावर सातपुड्याची वळणे लागतात आणि अशीरगडाचा प्रचंड माथा दिसू लागतो. दख्खनचे दार म्हणून ज्याची ख्याती, तो हा गड. १६०१ साली अकबराने तो घेतला आणि फारुकींचे खानदेशचे राज्य संपले. गडाखालून आणखी सुमारे २० किलोमीटर उतरले की केळीच्या बागा सुरू होतात आणि उन्हाने भाजलेल्या डोळ्यांना एकाएकी हिरवे दिसते.

आमच्या टिपणवहीत सौभाग्यवतींनी चार रकाने आखले होते: पाणी, वाट, शाळा-दवाखाना आणि शेजार. त्याच क्रमाने सांगतो.

पाण्याच्या बाबतीत या गावाइतका शहाणपणाचा वारसा क्वचितच कोणाला लाभला असेल. तापी येथे उंच काठाच्या खाली, खोल पात्रातून वाहते. नदी उशाशी असूनही पाणी वर चढवावे लागते. शिवाय राजधानीचे शहर, शत्रूने पाणी नासविले तर काय, ही भीती. सतराव्या शतकाच्या आरंभी, जहांगिराच्या कारकिर्दीत, येथील सुभेदार अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात इराणी पद्धतीच्या जाणकाराकडून भूमिगत जलवाहिन्या खोदविण्यात आल्या. हेच ते दोह्यांचे कवी रहीम. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. त्याला वाटेतच अडवून, बेताचा उतार दिलेल्या बोगद्यात घेऊन शहराकडे आणावयाचे, आणि हवा-उजेडासाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदावयाच्या, अशी ही योजना. ना मोट, ना रहाट, ना आजचा पंप. पाणी आपल्या वजनानेच चालत येते. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी त्यांतील भंडाऱ्यांची नावे. यांतील कुंडी भंडारा, ज्याला पाण्याच्या तांबूस छटेवरून खूनी भंडारा असेही नाव पडले असे सांगतात, २०२४ साली जागतिक वारशाच्या भारतीय संभाव्य यादीत गेला.

एका कुंडीत उतरण्यासाठी लिफ्ट बसविली आहे. वर ऊन मी म्हणत होते. सुमारे ८० फूट खाली उतरताच अंगावर गारवा आला आणि पायाशी पाणी संथ वाहताना दिसले. नातू पाच वर्षांचा. तो विचारी, “आजोबा, याचा नळ कोण सोडतो?” आम्ही म्हणालो, “डोंगर.” त्याला ते पटले. पण आमची नजर भिंतींवरच्या चुनखडीच्या जाड थरांकडे गेली. हे थर वाढत जातात आणि पाण्याची वाट अरुंद करतात. वरच्या उतारावर झाडी विरळ झाली आणि कूपनलिका वाढल्या की खालच्या झऱ्याचे काय होणार, हे सांगावयास तज्ज्ञ नको. चारशे वर्षांची ठेव सांभाळावयाची तर ती रोज सांभाळावी लागते.

हल्लीची गोष्टही या गावाला शोभणारी आहे. २०२२ सालच्या जुलैत बऱ्हाणपूर हा घरोघरी नळाने पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला. २५४ गावांतील ग्रामसभांनी ठराव करून आपापल्या गावी पाणी आल्याचे सांगितले. मात्र हे ग्रामीण भागाचे झाले. शहरात घर घेताना आम्ही आमच्या रीतीने चौकशी केली: नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, वरच्या मजल्यावर चढतो का, टाकी केवढी आहे. हे प्रश्न घरमालकाला विचारू नयेत, शेजारणीला विचारावेत. घरमालक म्हणाले, “पाण्याची चिंताच नाही.” शेजारच्या बाई म्हणाल्या, “पहाटे उठणार असाल तर नाही.”

दुसरा रकाना वाटेचा. या गावाचे महत्त्व मुळातच वाटेमुळे. उत्तरेतून दख्खनला उतरणारा प्रत्येक जण येथे थांबे. १६१५ साली इंग्रजांचा वकील टॉमस रो येथे शहजादा परवेजला भेटला. मुमताज महल हिने १६३१ च्या जूनमध्ये येथेच देह ठेवला आणि ताजमहाल बांधून होण्यापूर्वी तिचे दफन पलीकडच्या काठावर झैनाबादेत झाले होते. पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंह १६६७ साली येथेच वारला. त्याची छत्री गावापासून जवळच, नदीच्या संगमावर आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा ही येथील संपन्न पेठ लुटली. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली शहर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे गेले. तेव्हा मराठी माणूस येथे पाहुणा नाही. स्वारी करून आला, राज्य करून गेला. आता भाड्याचे घर शोधत आला आहे, इतकेच.

आजची वाट म्हणजे मध्य रेल्वेचा भुसावळ-खंडवा मार्ग. भुसावळ ५०-५५ किलोमीटरवर, मुंबई सुमारे ५०० किलोमीटरवर. पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्याही याच मार्गाने जातात. म्हणजे चिरंजिवांची पुण्याची हजेरी रात्रीच्या झोपेत उरकते. या मार्गावर तिसरी व चौथी लोहवाट टाकण्यास केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली आहे. उलटपक्षी इंदूरशी संबंध राहील तो घाटातल्या रस्त्यानेच, आणि ते चार-पाच तास म्हातारपणी लहान वाटत नाहीत.

आणखी एक वाट आहे, ती डोळ्यांना न दिसणारी. सूनबाईंच्या कामाला इंटरनेट लागते, जसे आमच्या आईला चुलीसाठी लाकूड लागे. आम्ही पाहिलेल्या तिन्ही घरांत तारेची जोडणी होती. तरीही दोघांनी आठही दिवस आपले काम तेथूनच केले आणि वहीत अडथळ्यांची वेळ लिहून ठेवली. वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा भर दुपारी. म्हणून घराच्या भाड्यात इन्व्हर्टरचा आणि दुसऱ्या एका जोडणीचा खर्च धरलाच पाहिजे, असे ठरले. पहिले घर मात्र यंत्रमागांच्या वस्तीला लागून होते. सूनबाई अमेरिकेतील सहकाऱ्यांशी बोलत असताना पलीकडून प्रश्न आला, ही गाडी केव्हापासून जाते आहे, आणि अजून संपली कशी नाही? त्या घराचा विचार तेथेच सुटला.

पण त्या मागांवरून आम्हांला एक गोष्ट उमगली. घरी बसून दूरदेशीच्या मालकाचे काम करणे हे काही आजचे नवल नव्हे. फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निए सतराव्या शतकात येथून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरो इतक्या दूरवर जाई. ते विणणाऱ्याने इस्तंबूल पाहिले नव्हते आणि ते नेसणारीने तापी पाहिली नव्हती. घरात माग, दारात मुले आणि गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे! एका वृद्ध विणकराला आम्ही हे बोलून दाखविले, तेव्हा ते हसून म्हणाले, “साहेब, फरक एकच. आमचा माग वाजतो, म्हणून घरच्यांना कळते की आम्ही काम करतो आहोत. तुमच्या सुनेचा माग वाजत नाही.” सूनबाईंना ते इतके पटले की त्यांनी ते सासूबाईंना दोनदा ऐकविले.

तिसरा रकाना शाळा-दवाखान्याचा, आणि येथे आम्हांला सर्वांत अधिक थांबावे लागले. शहर लहान नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती २,१०,८८६ होती, आणि २००३ च्या १५ ऑगस्टपासून ते जिल्ह्याचे ठाणे आहे. हिंदी व इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, महाविद्यालये आहेत. आयुर्वेद आणि युनानी अशा दोन्ही वैद्यकांची महाविद्यालये एकाच गावात असणे ही तर दुर्मीळ गोष्ट. घर ते शाळा अंतर नऊ वर्षांच्या नातीला सायकलने जाता येईल एवढे. तिने ते मनातल्या मनात तीनदा मोजले.

दवाखान्याचा हिशेब मात्र वेगळा. तापाखोकल्याला, हाड मोडल्याला, बाळंतपणाला गावात सोय आहे. पण आमच्या सौभाग्यवतींच्या हृदयाची तपासणी गेली सहा वर्षे इंदुरात चालते. खंडवा आणि जळगाव येथे २०१८ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली, ही जमेची बाजू. तरी रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर गाडी कोठे वळवावयाची, याचे उत्तर दिवसा, शांतपणे, कागदावर लिहिलेले असावे. आम्ही ते लिहिले. कोणते रुग्णालय, किती मिनिटे, कोणाची गाडी, कोणाचा दूरध्वनी. लिहिताना घरात कोणी बोलले नाही. लिहून झाल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “मुलांचे पाहा. माझ्यासाठी गाव अडवून ठेवू नका.” ते वाक्य आम्ही टिपणवहीत लिहिले नाही, पण सगळ्या रकान्यांच्या वर तेच उभे आहे.

चौथा रकाना शेजाराचा, म्हणजे माणसांचा आणि भाषेचा. गांधी चौकातील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. ती फारुकी राजा आदिलशहाच्या काळातली, सोळाव्या शतकाच्या अखेरची. दाऊदी बोहरांचा दर्गा-ए-हकीमी येथे आहे आणि देशोदेशींचे बोहरा यात्रेकरू तेथे येतात. गुरु गोविंदसिंहांच्या १७०८ सालच्या मुक्कामाची आठवण सांगणारा बडी संगत गुरुद्वारा आहे. तापीच्या घाटांवर आषाढ शुद्ध सप्तमीला नदीचा जन्मोत्सव होतो. इतक्या निरनिराळ्या लोकांनी एकमेकांना लागून राहावयाचे म्हणजे कधी भांड्याला भांडेही लागते; जुन्या शहरांत ताणाचे दिवसही येतात, ते लपविण्यात अर्थ नाही. पण आम्ही जिथे घर पाहत होतो त्या गल्लीत लोणच्याच्या कैऱ्या फोडावयास तीन धर्मांच्या बायका एकाच ओट्यावर बसल्या होत्या, आणि अडकित्ता एकच होता.

भाषेचे म्हणाल तर येथली मराठी इंदूरची नव्हे आणि पुण्याचीही नव्हे. रावेर-यावलकडील लेवा बोलीचा ठसका, निमाडीचा लडिवाळपणा आणि दख्खनी उर्दूची अदब, असे तिचे रूप. केळीवाला आमच्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी निमाडीत आणि आपल्या हिशेबनिसाशी उर्दूत बोले, आणि भाव तिन्ही भाषांत एकच सांगे. नातीला इंदुरात मराठी येते ती ‘समजते’ एवढीच. उत्तर ती हिंदीत देते. पण तीन दिवसांत ती शेजारच्या मुलींबरोबर लंगडी घालताना मराठीत भांडू लागली. भाषा भांडणाला उपयोगी पडू लागली की ती मुलांची झाली असे समजावे.

तरीही वाचायला-लिहायला ती कोण शिकविणार? भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदात १९५६ पासून लिहिलेले आहे. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. दर्जा दिल्लीत मिळतो. बाराखडी मात्र घरातच गिरवावी लागते. तेव्हा रोज सायंकाळी अर्धा तास नातवंडांना मराठी शिकविण्याचे काम आजी-आजोबांकडे राहील, असा ठराव झाला; आणि या ठरावामुळेच आम्हां दोघांचेही जाणे ठरले. आम्ही इंदुरात आणि मुले बऱ्हाणपुरात, असा आधीचा बेत होता.

खाण्यापिण्याचा रकाना आखला नव्हता. तो आपोआप भरला. मावा-जिलबी येथे जरूर खावी आणि रव्या-तुपाचा दराबा घरी बांधून न्यावा. हातरुमालाएवढ्या नव्हे, चांगल्या उपरण्याएवढ्या पातळ रोट्या, ज्यांना येथे मांडे म्हणतात, त्या हातांवर झुलवून भाजताना पाहणे हा तर मुलांचा रोजचा कार्यक्रम झाला होता. शेवभाजी आणि वांग्याचे भरीत हे खानदेशचे देणे. सौभाग्यवतींना तिखट वर्ज्य; त्यांनी फक्त वास घेतला आणि वारंवार घेतला.

असो. सारांश काय, तर आम्ही घर ठरविले आहे. विकत नव्हे, अकरा महिन्यांच्या भाड्याने. यंत्रमागांपासून दूर, शाळेपासून जवळ, तळमजल्यावर, पुढे कडुनिंब आणि मागे न्हाणीघराला लागून टाकी. इंदूरचे घर तसेच ठेवले आहे. सौभाग्यवतींच्या तपासणीचे दिवस तिथलेच राहतील, आणि दर खेपेला चिरंजीव बरोबर येतील, असे त्यांनी आपण होऊन कबूल केले आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या मुलांचे काम असे घरी आले आहे आणि ज्यांच्या घरात गावाची चर्चा सुरू झाली आहे, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाव त्याच्या वाईट ऋतूत पाहावे. पाहुण्यासारखे न राहता तेथून आठ दिवस आपले नेहमीचे काम करून पाहावे. घर आधी भाड्याने घ्यावे, आणि त्या भाड्याच्या मुदतीत एक उन्हाळा व एक पावसाळा येईल असे पाहावे. तापीसारख्या नदीच्या काठी तर पुराचे पाणी कोठवर येते हे जुन्या माणसांना विचारल्यावाचून जागा घेऊ नये. आणि मालकांनी उद्या कचेरीत परत बोलाविले तर काय, याचे उत्तर मुलांची नावे शाळेतून काढण्यापूर्वी लेखी मिळवावे. चिरंजिवांनी ते मागितले आहे. सूनबाईंचे आले आहे. त्यांचे यावयाचे आहे. ते आले की सामान बांधावयास घेऊ. पाटा-वरवंटा न्यावा की नाही, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.